घारोबाचा सगळ्यात टाकाऊ कॅमेरा

बटणांच्या कारखान्यात एकोणतीस वर्षं एकाच खुर्चीवर बसून माल तपासणाऱ्या माणसाला लोक काय म्हणणार? आधी म्हणायचे घार, मग घारभाऊ, आणि कानशिलावरचे केस पिकले तसं घारोबा. आईवडिलांनी हौसेनं ठेवलेलं नाव तेवढं हजेरीपटावर उरलं होतं. तिथंही त्याच्यापुढे कुणीतरी पेन्सिलीनं ‘घारोबा’ लिहून ठेवलं होतं, नाहीतर नवा कारकून विचारत बसायचा की हा माणूस कोण.

नावामागे एक किस्सा होता. फार वर्षांपूर्वी एका सकाळी जेवणाचा डबा हातात घेऊन तो दारातच थबकला आणि म्हणाला, “त्या टोकाच्या ट्रेमध्ये तिसऱ्या ओळीत एक दोन भोकांचं बटण आहे. बाकी सगळी चार भोकांची.” लोक धावले, बघतात तर खरंच! तेव्हापासून घारीची नजर, घारीची नजर म्हणून जो गवगवा झाला तो झाला. आता खरं सांगायचं तर ते बटण त्याला आदल्या संध्याकाळीच दिसलं होतं, पण सुट्टीची घंटा झाली आणि उचलायचा कंटाळा आला. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणून हे त्यानं बायकोखेरीज कुणालाच सांगितलं नव्हतं.

खिडकीजवळची खुर्ची म्हणजे घारोबाचं राज्य. उजव्या हाताचा लाकडी दांडा त्याच्या कोपरानं घासून गुळगुळीत झालेला, बसायला बायकोनं चिंध्या भरून शिवलेली गादी, आणि गादीत मधोमध एवढा खोल खड्डा की दुसरं कुणी बसलं तर गुडघे हनुवटीला लागायचे. समोर काचेची पाटी, डावीकडे आलेला ट्रे, उजवीकडे पास झालेला ट्रे, पायाशी रद्दीचा डबा. मालक गेले, त्यांच्या मागे मालकीणबाई कारभार बघायला लागल्या, भिंतींचा रंग दोनदा बदलला, पण खुर्ची हलली नाही आणि घारोबाही हलला नाही.

आणि आता मुद्द्याचं. घारोबाला दिसेनासं झालं होतं.

एका दिवसात नाही हो. दोन वर्षं हळूहळू, जणू कुणी रोज सकाळी जगावर एक चमचा दूध ओतत होतं. घरी एकदा त्यानं पावाला लोणी लावलं, त्याच्या शेजारच्याला लावलं, आणि तो शेजारचा चावताना म्हणाला, “पाव शिळा आणलास की काय?”

“अहो, तो भांडी घासायचा स्पंज आहे,” बायको म्हणाली.

“माहीत आहे मला. चव बघत होतो.”

“डोळ्यांच्या डॉक्टरकडे चला म्हणून मी किती वेळा डोकं फोडायचं?”

“डॉक्टर काय सांगणार? तुम्हाला दिसत नाही, असंच सांगणार ना? ते मला फुकटात माहीत आहे.”

बायकोनं कपाळाला हात लावला. तिला सगळं कळत होतं. ज्याला जग घार म्हणतं त्यानं ‘मला दिसत नाही’ म्हणायचं, तर दुसऱ्या दिवशी त्या खुर्चीत दुसरं कुणी बसणार आणि हा घरात बसून स्पंज खाणार. भीती त्याची होती, पण घोर दोघांनाही लागला होता.

कारखान्यात त्यानं एक युक्ती काढली होती. प्रत्येक बटण काचेच्या पाटीवर वीतभर उंचीवरून टाकायचं. चांगलं बटण ‘टण्’ वाजतं, तडा गेलेलं ‘टक्’ वाजतं. भोकं नखानं चाचपायची. बाकीच्यांना वाटायचं, काय ही ऐट, म्हातारा आता न बघताही तपासतो! मोठा तडा कानाला कळायचा. केसाएवढा तडा मात्र चांगल्या बटणासारखाच ‘टण्’ वाजून खुशाल पास व्हायचा, आणि घारोबाला ते माहीत होतं. रात्रीचं जेवण त्याला त्यामुळेच जात नव्हतं.

माणसांचंही तेच. आवाज आला तर ओळखायचा, नाहीतर अंदाज. दोन महिन्यांपूर्वी ऑफिसच्या बोळात, केबिनच्या काचेसमोर, एक उंच बारीक आकृती उभी राहायला लागली. मालकीणबाई उंच आणि बारीक. घारोबानं पहिल्याच दिवशी अदबीनं मान लववली, “नमस्कार!” आकृती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी तेच. ‘बाई रागावल्यात,’ त्याच्या मनात आलं, ‘काहीतरी कानावर गेलंय.’ चोराच्या मनात चांदणं! मग तो रोज थोडं जास्त वाकायला लागला. आठवडाभरात छातीवर हात आला, महिनाभरात कमरेतून वाकणं आलं. ती आकृती म्हणजे लाकडी कोट-स्टँड होता, त्यावर एक जुना लांब कोट आणि वर टोपी. त्याला हे कुणी सांगणार तरी कसं? सगळ्यांना वाटलं, घारोबाचं काहीतरी व्रत असेल.

मग एके दिवशी कोट शिवणाऱ्या एका गिऱ्हाइकाकडून एक पेटी परत आली. तडे गेलेली बटणं, सरकलेली भोकं, आणि वर एक चिठ्ठी. बाईंनी घारोबाला केबिनमध्ये बोलावलं तेव्हा त्याच्या तोंडचं पाणी पळालं.

मालकीणबाई म्हणजे काटकसरीचा कळस. वापरलेली पाकिटं उलटी करून त्यावर पत्रं लिहायच्या. पंखा लावायचा तर आधी विचारायच्या, “दोघांना तरी उकडतंय का? एकट्यासाठी नाही लावायचा.” पण मनानं वाईट नव्हत्या.

“घारोबा,” त्या म्हणाल्या, “काम वाढलंय. तुमच्या एकट्याच्या डोळ्यांवर किती भार टाकायचा? तपासणीचं तयार मशीन घ्यायचं तर तेवढ्यात बस येते, ड्रायव्हरसकट. पण ही माझी भाची म्हणते, स्वस्तातला एखादा कॅमेरा मिळाला तर ती इथंच तसं मशीन जमवून देईल.”

कोपऱ्यातून एक मुलगी उठली. चोवीस-पंचवीसची, खांद्याला वायरींनी भरलेली पिशवी, तोंडात पेन. “नमस्कार काका. पट्ट्यावरून बटणं जातील, कॅमेरा प्रत्येकाचं चित्र काढेल, आणि कॉम्प्युटर सांगेल चांगलं की खराब. कॅमेरा तेवढा योग्य निवडायला हवा.”

“आणि तो तुम्ही निवडायचा,” बाई म्हणाल्या. “डोळ्याची पारख डोळ्यालाच. साध्या सायकलीच्या किमतीवर मात्र जायचं नाही. शुक्रवारी आपण त्याची परीक्षा घेऊ.”

घारोबा बाहेर आला, बोळातल्या कोट-स्टँडला नेहमीपेक्षा जरा खोलच वाकला आणि खुर्चीत येऊन बसला. चांगला कॅमेरा निवडला तर तो कॅमेरा ह्या खुर्चीत बसणार. म्हणजे आपल्याच हातानं आपल्याच पायावर धोंडा! विचार करता करता त्यानं तीन बटणं न वाजवताच पास केली. मग एकदम त्याला सुचलं. निवडायचा अधिकार आपल्याकडे आहे ना? मग सगळ्यात टाकाऊ असेल तोच निवडायचा! मशीन फसेल, बाई म्हणतील जाऊ दे, आणि खुर्ची राहील जिथल्या तिथं.

घरी बायकोला सांगितलं तर ती बघतच राहिली. “अहो, पण टाकाऊ कुठला ते ओळखायला तरी दिसायला नको का?”

“त्यात काय एवढं,” घारोबा म्हणाला, पण हा प्रश्न आपल्याला कसा सुचला नाही, याचं त्याला वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवसापासून कॅमेऱ्यांची वरात सुरू झाली. पहिला आला बाईंच्याच कपाटातला, प्रवासाला न्यायचा जुना डिजिटल कॅमेरा. फुकटचा, म्हणून बाईंचा लाडका. बटण दाबलं की त्याचं नाक ‘झूऽऽप’ करून बाहेर यायचं, आणि दर तीन मिनिटांनी तो बॅटरी वाचवायला झोपी जायचा. भाचीनं उठवावं, नाक बाहेर यावं, चार बटणं जावीत, नाक परत आत.

“किती काटकसरी आहे!” बाई कौतुकानं म्हणाल्या.

“मावशी, तो कामावर झोपतोय.”

हे मात्र बाईंना पटलं. कामावर झोपणारा त्यांनी आजवर ठेवला नव्हता.

दुसरा होता दारावरच्या घंटीचा कॅमेरा. कुणाच्या तरी घरचा काढून आणलेला, अगदी स्वस्त. समोर काही हललं की तो चित्र काढायचा, ही गोष्ट कामाची होती. पण चित्र काढताना तो मंजुळ आवाजात बोलायचाही, “दारात कोणीतरी आले आहे.” पट्टा सुरू झाला. पहिलं बटण आलं. “दारात कोणीतरी आले आहे.” दुसरं आलं. “दारात कोणीतरी आले आहे.” आवाज बंद करायची कळ कुठं सापडेना. साठाव्या बटणाला पॅकिंगमधल्या सगळ्या बायका पदर तोंडात कोंबून हसत होत्या, आणि नव्वदाव्याला बाई स्वतः उठून दारात बघून आल्या.

“कुणी नव्हतं,” त्या म्हणाल्या, आणि मग त्यांच्या लक्षात आलं. तो कॅमेरा त्याच पावली परत गेला.

तिसरा कॅमेरा होता कॉम्प्युटरवर बसवून गप्पा मारायचा. भाचीनं तो लावला आणि चौथ्याची वायर राहिली म्हणून ती आणायला बाहेर गेली. इथंच सगळा घोटाळा झाला. तो कॅमेरा माणसांचे चेहरे सुंदर करून दाखवणाऱ्यातला निघाला. डाग, सुरकुत्या, जे काही असेल ते पुसून टाकायचा. आता दोन भोकांचं गोल बटण म्हणजे त्याच्या हिशेबानं चेहराच की! त्यानं प्रत्येक बटणाचे तडे पुसले, कांती उजळली, गालांवर गुलाबी लाली चढवली, आणि वर सशाचे दोन कान बसवले. एका बटणाला भोकांच्या खाली वाकडा तडा होता. तो त्याला हसू वाटला आणि त्यानं आपण होऊन तीन फोटो काढले.

“अगंबाई!” मालकीणबाई हरखून गेल्या. “किती गोड दिसतायत! एकावरही डाग नाही बघा! रंग तर असे खुललेत की बटणं लग्नाला निघाल्यासारखी वाटतायत. घारोबा, हाच घ्यायचा ना?”

घारोबाला पडद्यावर एक गुलाबी ढग दिसत होता. ससे वगैरे काहीच नाही. पण कान तर शाबूत होते, आणि कानांनी ऐकलं, गोड, स्वच्छ, रंग खुललेत. म्हणजे हा सगळ्यात चांगला! म्हणजे हाच आपला वैरी!

“छे!” तो ठासून म्हणाला. “हा अजिबात नको.”

“का हो? मला तर फार आवडला.”

“बाई, तुमचा मान मोठा, पण ह्या कॅमेऱ्याला मी ह्या टेबलावर बसू देणार नाही.”

एवढ्यात भाची वायर घेऊन आली, पडद्यावरचे ससे बघून मट्‌कन खाली बसली आणि पोट धरून हसायला लागली. घारोबाला वाटलं, पोरगी आपल्याला हसतेय. तो आणखीच अडून बसला.

मग चौथा आला. कॅमेरा कसला, काडेपेटीएवढी हिरवी पाटी, त्यावर एक स्क्रूसारखं फिरवायचं भिंग. अंगावर डबा नाही, झाकण नाही, उघडाबोडका. भाचीनं तो जोडला, पडद्यावर चित्र आलं, आणि बाईंनी तोंड वाकडं केलं.

“शी! हे काय? काळंपांढरं! आणि केवढंसं! ह्याच्यापेक्षा माझ्या आजीच्या लग्नातला फोटो बरा होता.”

घारोबानं कान टवकारले. काळंपांढरं, केवढंसं, शी. त्याला आनंदाचं भरतं आलं. देव पावला म्हणायचं!

“हाच!” तो खुर्चीतून अर्धा उठून म्हणाला. “हाच घ्यायचा. दुसरा बघायचासुद्धा नाही.”

भाचीच्या तोंडातलं पेन खाली पडलं. “काका, तुम्हाला कसं कळलं?”

“कसं म्हणजे?” आता काहीतरी ठोकून द्यायला हवं होतं. “ह्याला... ह्याला स्वतःची अक्कल नाही. जे समोर असेल तेवढंच बघतो. शहाणपणा करत नाही.”

“अगदी बरोबर!” भाची टाळी वाजवून म्हणाली. “मावशी, ऐकलंस? बाकीचे सगळे आपोआप काहीतरी करतात, रंग बदलतात, फोकस हलवतात. ह्याच्यात सगळं आपण एकदा लावायचं आणि ते तसंच राहतं. शिवाय हा अख्खं चित्र एका झटक्यात घेतो. बाकीचे वरून खाली ओळीओळीनं घेतात, तोवर पट्ट्यावरचं बटण पुढे सरकतं आणि गोलाचं अंडं दिसतं. काळंपांढरं तर उलट चांगलं, बारीक रेघ उठून दिसते. आणि आपल्याला एकच बटण बघायचंय, चित्र मोठं हवंय कशाला? मी तीन आठवडे वाचून हे शिकले आणि काकांनी नुसतं बघून सांगितलं!”

घारोबा मट्‌कन खाली बसला. करायला गेलो काय आणि झालं काय!

पण हार मानेल तो घारोबा कसला? कॅमेरा चांगला असला तर असू दे, मांडणी बिघडवता येते. दुपारी भाचीनं विचारलं, “काका, दिवा वरून कुठे लावू?”

“वरून नकोच,” तो म्हणाला. उजेड पाठीमागून आला की आपल्याला काही म्हणजे काही दिसत नाही, हा त्याचा रोजचा अनुभव. “पट्टा काचेसारखा आरपार आहे ना, त्याच्या खाली लाव. उजेड खालून वर.”

भाचीनं लावला. दुधी बटणं पडद्यावर सावलीसारखी काळी झाली आणि त्यांची भोकं चांदण्यांसारखी लखलखली. तिनं उठून घारोबाच्या पाया पडायचंच काय ते बाकी ठेवलं.

“आता ह्याच्यावर डबा पालथा घाल,” तो चिडून म्हणाला. “अंधार कर सगळा.”

“खिडकीचा उजेड सकाळ-संध्याकाळ बदलतो म्हणून? काका, तुम्ही थोर आहात!”

बाईंचा बिस्किटांचा रिकामा पत्र्याचा डबा आला, त्याला भोक पाडून कॅमेरा वर बसवला, आणि तेही एकदम फक्कड जमलं. तो जे जे बिघडवायला जाई ते ते सुधारत होतं. संध्याकाळपर्यंत कारखान्यात बातमी झाली की घारोबा मशीनमधलाही बाप आहे. घारोबाला हसावं की रडावं कळेना.

शुक्रवारी सकाळी बायकोनं डबा हातात दिला आणि त्याचा हात सोडलाच नाही. “अहो, सांगून टाका. खुर्ची गेली तर गेली. मी तुम्हाला आंधळा म्हणून नाही सोडायची, पण खोटारडा म्हणून रोज बोलेन.”

“ते तू तसंही बोलतेस.”

“मग आता त्याला खरंखुरं कारण देऊ नका.”

परीक्षा काय होती, तर घारोबानं आदल्या दिवशी पास केलेला पाचशे बटणांचा ट्रे मशीनमधून जायचा. घारोबाच्या हाताखालून गेलेला माल, म्हणजे मशीननं एकही बाहेर टाकता कामा नये. टाकलं तर मशीन खोटं! बाईंचा असा सरळ हिशेब. त्या ट्रेमध्ये काय आहे ते एकट्या घारोबाला ठाऊक होतं. बोळातल्या आकृतीपुढे तो इतका वाकला की डबा जमिनीला लागला.

पॅकिंगच्या बायका कोंडाळं करून उभ्या राहिल्या. भाचीनं भिंतीवर मोठा पडदा लावला होता, म्हणजे सगळ्यांना दिसावं. पट्टा सुरू झाला. पहिलं बटण डब्याखाली गेलं आणि भिंतीवर उमटलं. परातीएवढं मोठं, काळंभोर, मधे चार लखलखीत भोकं.

घारोबानं डोळे चोळले. भोकं... दिसत होती. चार. त्यानं मोजली. दोन वर्षांत त्यानं बटणाची भोकं नखाशिवाय मोजली नव्हती. दुसरं बटण आलं. चार. तिसरं आलं, आणि त्याच्या काळ्या अंगावरून एक बारीक पांढरी रेघ तिरपी गेली होती.

“तडा!” घारोबा ओरडला. “अगं, तडा! बघा, बघा, तडा!”

मशीनचा तांबडा दिवा त्याच्यानंतर लागला.

मग त्याला धीर धरवेना. खुर्ची मागे लोटून तो पडद्याच्या पुढ्यात जाऊन उभा राहिला. “हे पास. हे पास. थांब, ह्याची भोकं सरकलीत डावीकडे! हे पास. ह्याच्या पोटात बुडबुडा आहे, टाक ते! पास. पास. तडा, कडेला, केसाएवढा, तो बघ!” प्रत्येक वेळी आधी घारोबा आणि मागून मशीन. बायका टाळ्या वाजवायला लागल्या. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायलाही त्याला सवड नव्हती, कारण पुढचं बटण येत होतं. इतका आनंद त्याला लग्नातसुद्धा झाला नव्हता, आणि हे त्यानं पुढे बायकोला सांगून शिव्याही खाल्ल्या.

पट्टा थांबला. भाचीनं रद्दीच्या डब्यातली बटणं मोजली आणि मग हळूच परत मोजली. “एक्केचाळीस,” ती म्हणाली.

टाळ्या थांबल्या. बाईंनी चष्मा काढला. “पण हा ट्रे तर पास झालेला होता. मग मशीन चुकलं म्हणायचं?”

किती सोपं होतं! ‘हो’ म्हटलं की मशीन भंगारात आणि खुर्ची आपली. भाची ओठ चावत त्याच्याकडे बघत होती. घारोबानं पडद्याकडे बघितलं. शेवटचं बटण अजून तिथंच होतं, त्यावरची रेघ स्वच्छ दिसत होती.

“मशीन नाही चुकलं, बाई,” तो म्हणाला. “मी चुकलो. मला दिसत नाही. दोन वर्षं झाली. मी बटणं वाजवून बघतो. ती परत आलेली पेटी माझीच. आणि कॅमेरासुद्धा मी मुद्दाम टाकाऊ म्हणून निवडला होता. तो चांगला निघाला त्यात माझा काही दोष नाही.”

मग बाईंनी अगदी बारीक आवाजात विचारलं, “दिसत नाही म्हणजे... बोळात तुम्ही रोज नमस्कार करता, तो कुणाला?”

“कुणाला म्हणजे? तुम्हालाच. तुम्ही तिथं उभ्या असता ना. बोलत मात्र नाही, म्हणून मी...”

“घारोबा, तो कोट-स्टँड आहे.”

घारोबानं मनात हिशेब केला. दोन महिने. कमरेतून वाकून!

“त्यावर ह्यांचा कोट आहे,” बाई म्हणाल्या. “घरात बघवेना म्हणून मी इथं आणून टांगला. आणि तुम्ही रोज सकाळी त्याला वाकून नमस्कार करायचात. मी केबिनमधून बघायचे. म्हटलं, सगळे विसरले, एक घारोबा तेवढा विसरला नाही. पेटी परत आली तरी मी तुम्हाला शब्दानं बोलले नाही, ती त्याचमुळे.” त्यांचा आवाज भरून आला, आणि मग काय झालं कुणास ठाऊक, त्या एकदम हसायला लागल्या. हसता हसता रडायला लागल्या. “मी कोट-स्टँड दिसते का हो?”

“अंधुक उजेडात जरा,” घारोबा प्रामाणिकपणे म्हणाला. आता खोटं बोलायचंच नाही असं त्यानं ठरवलं होतं.

मोतीबिंदू निघाला. बाईंनी स्वतः त्याला डॉक्टरकडे नेलं, आणि दोन्ही डोळे एकदम केले तर काही सूट मिळेल का म्हणून तिथं भांडूनही आल्या. डॉक्टरांनी ऐकलं नाही, एकामागून एक दोन केले. खुर्ची पडद्यासमोर सरकवली, गादीसकट. मशीन बाहेर टाकेल ते बटण खरंच टाकायचं का, हे ठरवायला कुणीतरी लागतंच, आणि भाचीनं स्पष्ट सांगितलं की काका नसतील तर मी पुढचं मशीन जोडणार नाही. “आंधळा मागतो एक डोळा अन् देव देतो दोन,” बायको म्हणाली, “आणि ह्यांना तर तिसरा भिंतीवर!”

दुसऱ्या डोळ्याची पट्टी सुटल्यावर घारोबा पहिल्यांदा कामावर आला तेव्हा बोळात शिरताच थांबला. कोट-स्टँड! किती स्वच्छ दिसत होता. तपकिरी कोट, कोपरावर ठिगळ, टोपीवर धूळ. त्यानं जवळ जाऊन सवयीनं बटणांवरून नजर फिरवली. चार भोकांचं, चार भोकांचं, आणि तिसरं दोन भोकांचं.

“बाई,” त्यानं हाक मारली, “मालकांच्या कोटाला एक बटण भलतंच लागलंय.”

बाई केबिनच्या दारात आल्या. “भलतं कसलं? तुमचंच आहे ते. तुम्ही दारातून ओळखलं होतंत ना? ह्यांनी हौसेनं शिवून घेतलं होतं.”

घारोबाला नुसतं ‘हो’ म्हणावंसं वाटलं. पण खोटं बोलायचं नाही हे ठरलं होतं. “बाई, ते मला दारातून नव्हतं दिसलं. आदल्या संध्याकाळीच दिसलं होतं. उचलायचा कंटाळा केला.”

“ह्यांना माहीत होतं,” बाई म्हणाल्या. “त्या संध्याकाळी हे तुमच्या मागेच उभे होते. तुम्ही बटण बघितलंत, घड्याळ बघितलंत आणि पळालात. घरी येऊन इतके हसले होते! म्हणाले, लबाड आहे, पण डोळा पक्का आहे.”

घारोबानं ते बटण एकदा नखानं चाचपलं. मग त्यानं डबा खाली ठेवला, छातीवर हात घेतला आणि कमरेतून वाकला.

“नमस्कार, मालक,” तो म्हणाला.